कामून म्हणजे नुसतं ‘का’ नव्हे

बोलीतले शब्द जमवणाऱ्यांचे सध्या दिवस आहेत. ‘हे शब्द कळले तर तुम्ही खरे मराठवाडी’ अशी रील दर दोन दिवसांनी कुणीतरी पाठवतंच. शब्दही ठरलेले: लई, कामून, हाव, माय वं. खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. मी जालना जिल्ह्यातला, घनसावंगी तालुक्यातला. त्या रांगेत मीही कधीमधी उभा राहतो, त्यात वाईट काही नाही. माझी तक्रार रीलच्या कितीतरी आधीची आहे आणि ती जाडजूड कोशांना, सरकारी सर्वेक्षणांनाही लागू पडते. बोलीतून शब्द उचलला जातो, तो ज्या वाक्यात होता ते वाक्य मात्र बांधावरच राहतं.

‘कामून’ घ्या. कोणत्याही यादीत त्याच्यासमोर ‘का’ असा अर्थ दिलेला असतो. आता हा शब्द उघडच ‘का म्हणून’ असा आहे, घासून गुळगुळीत झालेला. त्यात ‘म्हणून’ अजून जिवंत आहे. आमच्या घरात ‘का’ आणि ‘कामून’ दोन्ही चालतात आणि त्यांची कामं वेगळी आहेत. ‘का आला नाहीस?’ ही विचारपूस झाली. ‘कामून आला नाहीस?’ असं आजीनं विचारलं की कारण द्यावंच लागायचं, आणि ते तिला पटावंही लागायचं. एका शब्दात प्रश्न आणि जाब दोन्ही. कोशात तो बरोबरीच्या चिन्हापुढं ठेवला की जाब गळून पडतो आणि उरतो तो प्रमाण शब्दाचा एक गावंढळ भाऊ. पुण्यात शिकायला गेलेली आमच्याकडची पोरं पहिल्या महिन्यात जे शब्द टाकून देतात त्यात हा पहिला असतो. त्याच्या जागी ‘का’ येतो. जाब विचारायची सोय मात्र परत येत नाही.

जालन्याची बोली नोंदवलीच गेली नाही असं नाही, पण ती फार उशिरा नोंदवली गेली, आणि ते का झालं हे समजून घेण्यासारखं आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पहिल्यांदा १८३१ साली आला. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्दसंख्या साठ हजारांच्या घरात गेली. हे काम मुंबई इलाख्यातलं, इंग्रजी अंमलातलं, ब्राह्मण पंडितांच्या मदतीनं झालेलं. त्याची थोरवी आहेच, आजही अडलं की आपण तिथंच जातो. जालना मात्र निजामाच्या हैदराबाद संस्थानात. पुढं ग्रिअर्सननं भारतीय भाषांचं अवाढव्य सर्वेक्षण केलं, त्याचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली निघाला. पण त्या सर्वेक्षणाची प्रत्यक्ष पाहणी मद्रास इलाखा, म्हैसूर आणि हैदराबाद या भागांत झालीच नाही. म्हणजे त्या काळी भाषेच्या नोंदीची सरहद्द आणि इंग्रजी राज्याची सरहद्द जवळपास एकच होती. पलीकडच्या बुलढाण्यातलं बोलणं कागदावर येऊ शकत होतं, अलीकडच्या भोकरदनचं नाही. दोन्हीकडचे बैल मात्र एकाच बाजाराला जात असणार.

स्वातंत्र्यानंतर अ. मा. घाटगे यांनी मराठीच्या बोलींची मालिका हाती घेतली. साहित्य संस्कृती मंडळानं १९६३ पासून तिचे खंड काढले. खंडांची नावं वाचताना नकाशावर बोट फिरवून बघा: दक्षिण कॅनऱ्याची कोंकणी, कुडाळी, काणकोणची कोंकणी, ठाण्याची वारली, कासारगोडची मराठी. बोट समुद्राच्या कडेकडेनंच सरकतं. यात घाटग्यांचा दोष काढण्यासारखं काही नाही. किनाऱ्यावरची बोली कानाला आधी वेगळी लागते, मग अभ्यासकही आधी तिकडे जातो. आमची बोली प्रमाण मराठीच्या जवळची वाटते, एवढी जवळची की ती वेगळी बोली नसून नीट न शिकलेली मराठीच आहे असा समज होतो. लांब राहणाऱ्याला पाहुण्याचा मान मिळतो, शेजाऱ्याला नाही.

किनाऱ्याचाच विषय निघाला आहे तर जरा लांबच्या किनाऱ्यावर जाऊ. कॅनडाच्या पूर्वेला न्यूफाउंडलंड हे बेट आहे. इंग्लंड-आयर्लंडातून कॉड मासा धरायला गेलेल्या लोकांची तिथली वस्ती, आणि त्यांची स्वतःची एक इंग्रजी. स्टोरी, कर्विन आणि विडोसन या तिघांनी तिचा कोश केला, तो १९८२ साली छापला. तिथल्या मेमोरियल विद्यापीठातली मुलं सुट्टीत घरी गेली की आपापल्या गावचे शब्द, गोष्टी, गाणी गोळा करून आणायची, त्याचाही त्यात मोठा वाटा आहे. मला या कोशाचं जे आवडतं ते असं: शब्दामागं वापराचे दाखले आहेत आणि दाखल्यामागं साल. छापील पुस्तकातला दाखला आणि बोलताना टिपलेला दाखला एकाच पंगतीला बसवले आहेत. बर्फाचेच शब्द बघा. पाण्यावर तरंगणारा बारीक कणीदार बर्फ तो ‘सिश’. दाटून आलेला, चिखलासारखा लगदा तो ‘स्लॉब’. लाटांचे फवारे काठावर गोठून जी कड तयार होते ती ‘बॅलिकॅटर’. होडी काढायची की नाही हे यावर ठरतं, त्यामुळं हे शब्द हौसेचे नाहीत.

आमच्याकडं असा बर्फ नाही, पाऊस आहे, म्हणजे असला तर आहे. मग शब्दही तसेच. दोन-तीन दिवस सूर्य न दिसता बारीक पडत राहतो ती ‘झड’. झडीनंतर आभाळ मोकळं होतं ती ‘उघाड’. जमीन इतकी ओली नाही की पाय फसेल आणि इतकी कोरडी नाही की ढेकूळ निघेल, त्या नेमक्या अवस्थेला ‘वापसा’. पाऊस येईलच या भरवशावर कोरड्या मातीत बी टाकणं ती ‘धूळपेर’. ‘वापसा’ कोशात सापडतो, प्रश्न तो नाही. पण वापसा हा मुख्यतः वाट पाहण्याचा शब्द आहे हे कोशातून कळत नाही. ‘वापसा झाला का?’ असं रोज सकाळी बांधावर उभं राहून विचारलं जातं, मातीची मूठ दाबून सोडली जाते आणि शेजारच्याला विचारूनही घेतलं जातं. या शब्दाचा अर्थ अर्धा मातीत आहे आणि अर्धा त्या शेजाऱ्याच्या उत्तरात.

न्यूफाउंडलंडचा कोश निघाल्यावर दहा वर्षांनी, १९९२ च्या जुलैत, कॅनडाच्या सरकारनं तिथली कॉडची मासेमारी बंद केली. मासाच संपत आला होता. सुमारे तीस हजार लोकांचं काम गेलं. मासे वाळवायच्या माचणांचे, होड्यांचे, खारवण्याच्या पद्धतींचे शब्द ज्या कामात रुजले होते ते कामच थांबलं. कोश मात्र वेळेत निघाला होता. मला त्या कोशकारांचा हेवा वाटतो तो या दहा वर्षांसाठी.

आपल्याकडं मोट गेली तेव्हा असं कुणी वेळेत पोचलं का? काही शब्द कोशांत नक्की आहेत. नाडा, सोंदूर, धाव, थारोळं. नाडा म्हणजे मोट ओढणारा मुख्य दोर, सोंदूर म्हणजे मोटेच्या सोंडेला बांधलेला बारका दोर, धाव म्हणजे बैल ज्या उतारावरून चालतात ती वाट, थारोळं म्हणजे पाणी पडतं ती जागा. विजेचा पंप आला आणि एका पिढीत हे सगळं विहिरीच्या काठावरून नाहीसं झालं. आता रक्ताचं थारोळं तेवढं बातम्यांमध्ये शिल्लक आहे. लहान मुलांना थारोळं हा रक्ताशीच जोडलेला शब्द वाटतो, पाण्याशी त्याचा काही संबंध असेल हे ध्यानातही येत नाही. हा अर्थबदल मला कोणत्याही भाषाशास्त्राच्या धड्यापेक्षा जास्त सांगून जातो.

आता आपल्या घरच्या कोशांकडं. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत आला. त्यात बोलींच्या शब्दांपुढं कंसात खुणा आहेत: कोंकणी, गोमंतकी, वऱ्हाडी, खानदेशी, नागपुरी. त्या काळात कुणी इतकं केलं याचंच आश्चर्य वाटावं. पण या खुणेनं एक गंमत झाली आहे. ज्या शब्दापुढं खूण नाही तो सगळ्यांचा, आणि खूण आहे तो कुणाएकाचा. आता पुण्यातही एक बोली आहे, तिथलेही खास शब्द आहेत, पण ‘पुणेरी’ अशी खूण सहसा लागत नाही. खूण लागते ती बाहेरच्याला. तण काढायच्या कामाला आमच्या भोकरदनकडं ‘निंदणी’ म्हणतात, घनसावंगी-अंबडकडं ‘खुरपणी’, कोल्हापूर-सांगलीकडं ‘भांगलण’. तिघांतला प्रमाण कोणता? ज्या भागातली माणसं पुस्तकं लिहीत होती तिथला, एवढंच त्याचं उत्तर.

यावर सध्याचा सगळ्यात गंभीर प्रयत्न म्हणजे डेक्कन कॉलेजचं मराठी बोलींचं सर्वेक्षण. राज्य मराठी विकास संस्थेच्या मदतीनं, सोनल कुलकर्णी-जोशी यांच्या नेतृत्वाखाली ते चाललं. संकेतस्थळ मोबाईलवर उघडतं, नकाशे आहेत, आवाज ऐकता येतात. एखादी वस्तू किंवा नातं कुठं काय म्हणून ओळखलं जातं हे ठिपक्यांनी दिसतं. मी एका रात्री दोन-अडीच तास नुसतं ऐकत बसलो होतो. आपल्या भागातल्या अनोळखी बाईचा आवाज हेडफोनमध्ये येतो आणि पहिल्या वाक्याला ओळख पटते. छापील कोशाला हे कधीच जमणार नव्हतं, कारण आमच्या बोलीचं निम्मं वेगळेपण चालीत आहे, वाक्य जिथं ओढलं जातं त्या ठिकाणी आहे.

शिवाय या सर्वेक्षणानं व्याकरणाकडं नीट पाहिलं. रीलवाले आणि यादीवाले नामांच्या मागं असतात, खरी बोली क्रियापदात लपलेली असते. ‘मी येईल’ हे घ्या. पुस्तकात ‘मी येईन’. आमच्याकडं शिकलेला, न शिकलेला, मास्तर, सरपंच सगळे ‘मी येईल’ म्हणतात आणि निबंधात तेच लिहिलं की लाल गोल पडतो. किंवा चालू काळ. जाफ्राबाद-भोकरदनच्या बाजूला माणूस ‘जाऊ राह्यला’, मंठा-परतूरकडून परभणीच्या दिशेला सरकावं तसा तो ‘जायलाय’. जिल्हा एक, तोही १९८१ साली औरंगाबाद आणि परभणी या दोन जिल्ह्यांचे तुकडे जोडून केलेला. तुकडे जोडल्याची शिवण बोलण्यात अजून दिसते. म्हणूनच ‘मराठवाडी बोली’ हे लेबल मला फार ढिलं वाटतं. निजामाच्या कारभाराची ती हद्द होती, बोलीची नाही. जाफ्राबादचा माणूस देऊळगाव राजाच्या माणसाशी जितका जवळचं बोलतो तितका लातूरच्या माणसाशी बोलत नाही.

तरी सर्वेक्षणाबद्दल एक कुरबुर आहे. प्रश्नावली घेऊन गेलं की माणूस प्रश्नाच्या भाषेत उत्तर देऊ लागतो. अमेरिकेत प्रादेशिक इंग्रजीच्या कोशासाठी १९६५ ते १९७० या काळात कार्यकर्ते गाड्या घेऊन हजारभर गावांत हिंडले. त्यांच्याकडं दीड हजारांहून जास्त प्रश्न होते. त्यातून अफाट शब्द मिळाले. पण ‘याला तुमच्याकडं काय म्हणतात?’ हा प्रश्नच माणसाला सावध करतो. आमच्याकडं तर आधी तो उत्तर देणाऱ्याचे कपडे बघायला लावतो. शहरातून आलेल्या मुलीसमोर माझी चुलती ‘खुरपणी’ऐवजी ‘खुरपणी करतो ना आपण’ असं शाळेतलं वाक्य म्हणेल, आणि ती गेल्यावर मला सांगेल, ‘लई गोड पोरगी होती वं.’ ‘आपण’ आणि ‘वं’ यांच्यामधलं अंतर कोणत्या नकाशावर दाखवणार?

आणखी एक प्रश्न, कुणाला विचारायचं? जालना शहराचा जुना भाग ‘कदीम जालना’. कदीम म्हणजे जुना, आणि हा शब्द आता इतका मराठी झाला आहे की तो मूळचा अरबी आहे हे सांगावं लागतं. मोंढ्यात दिवसभर उभं राहा. मोंढा म्हणजे कोशात धान्याचा बाजार. आमच्यासाठी उचल, हिशेब आणि उद्या या असं ऐकण्याचीही जागा. तिथं अडत्याची मराठी मारवाडी वळणाची, हमालाची दखनी, शेतकऱ्याची आमची, मंठ्याकडच्या तांड्यावरून आलेल्या माणसाची घरची बोली आणखी वेगळी. ‘कामून’ आणि ‘कायकू’ एकाच पोत्याच्या दोन टोकांना असतात आणि पोतं उचललं जातं. बोलींचं सर्वेक्षण जात, धर्म, गाव अशा रकान्यांत माणसं वेगळी करून बसवतं, ते सोयीसाठी ठीक. पण मोंढ्यातली भाषा कुणाच्याच रकान्यात नाही. ती दोघांच्या मधे आहे.

हे मधलं ज्यांना पकडता आलं ते बहुतेक वेळा कथाकार आणि नाटककार निघाले. रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ १९७१ ची. शिंप्याच्या घराची परवड त्या घरातली बाई सांगते आणि आख्खी कादंबरी तिच्या बोलीत आहे. निवेदन प्रमाण भाषेत आणि संवाद तेवढे बोलीत, ही त्या काळातली सभ्य तडजोड होती. बोराड्यांनी ती नाकारली. त्यामुळं बोली अवतरणचिन्हांच्या कोंडवाड्यातून बाहेर आली आणि विचार करायला लागली. हे मला कोणत्याही शब्दकोशाइतकंच महत्त्वाचं नोंदणीचं काम वाटतं, कारण इथं वाक्य सापडतं.

मग २०१२ साली ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ आलं. लेखक राजकुमार तांगडे आमच्याच घनसावंगी तालुक्यातल्या जांब समर्थचे. समर्थ रामदासांचं जन्मगाव तेच, म्हणजे या गावाला बोलण्याची जुनी खोड आहे. दिग्दर्शन नंदू माधव यांचं, संकल्पना संभाजी भगत यांची, आणि रंगमंचावर जालन्याच्या खेड्यापाड्यांतली, शेती करणारी माणसं. मालवणीला ‘वस्त्रहरण’नं १९८० मध्ये मुंबईचं नाट्यगृह मिळवून दिलं होतं, पण त्या प्रेक्षकांत गिरणगावातला कोकणी माणूस आधीच बसलेला होता. जालन्याच्या बोलीला तसा आयता प्रेक्षक नव्हता. आणि दोन्हींत मला एक मोठा फरक दिसतो. ‘वस्त्रहरण’मध्ये बोलीच्या इरसालपणावर हशा पिकतो आणि तो खणखणीत आहे. तांगड्यांच्या नाटकात बोली वाद घालते. इतिहास कुणाचा, महाराज कुणाचे, हा युक्तिवाद जालन्याच्या उच्चारांत होतो आणि त्यासाठी तिला प्रमाण मराठीचा कोट चढवावा लागत नाही. बोलीत विनोद होतो, रडणं होतं, हे सगळ्यांना मान्य असतं. बोलीत तर्क होतो हे मान्य करायला वेळ लागतो. ‘कामून’मधला जाब तिथं मला पहिल्यांदा मोठ्या आवाजात ऐकू आला.

नाटकाची मर्यादा अशी की प्रयोग संपला की ते जातं, आणि लेखक शेवटी निवडतो. निवडल्याशिवाय नोंद कशी करायची, याचं एक जुनं उदाहरण मराठीतच आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा गोळा केल्या तेव्हा ते ज्यांनी पाहिलं, ऐकलं त्यांच्याकडं हिंडत गेले. एकाची आठवण दुसऱ्याशी जुळली नाही तर तो फरकही महानुभावांच्या परंपरेनं पोथ्यांत जपला. कुणी काय सांगितलं ते नावानिशी. मराठी गद्याच्या आरंभालाच अशी शिस्त होती. आज शब्द पोस्ट करताना आपण गावाचं नावही लिहीत नाही.

गेल्या वर्षभरात मीही फोनवर थोडंफार रेकॉर्डिंग केलं आहे. विचारून, परवानगी घेऊन, पण प्रश्न न विचारता. फोन पाण्याच्या कळशीशेजारी ठेवायचा आणि आपणही खुरपं घ्यायचं. पहिली वीस मिनिटं सगळ्या फोनसाठी बोलतात, नंतर विसरतात. जुलैतल्या एका रेकॉर्डिंगमध्ये ‘पात’ हा शब्द सतरा वेळा आला. पात म्हणजे खुरपताना प्रत्येकीच्या वाट्याला येणारा पट्टा. पात लावायची, पात धरायची, पात काढायची. एकीचं लेकरू तापानं फणफणलं होतं, ती मागं पडत होती. कडेच्या बाईनं आपली पात संपवली आणि काही न बोलता हिच्या पातीला समोरून लागली. हिनं मान वर करून विचारलं, ‘कामून वं?’ तिकडून उत्तर आलं, ‘झड यिऊ राह्यली, उरक.’ रेकॉर्डिंगमध्ये पुढं बराच वेळ नुसता खुरप्यांचा आवाज आहे.